हळदीचा वास येत नाही का हो?

"तुमच्याकडं हळदीचा वास येत नाही का हो कुठं?" एवढंच मी रिसेप्शनवर विचारलं. पुण्याहून निघायलाच उशीर झालेला, त्यात कराडला ट्रॅफिक, सांगलीत पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि गणपती पेठेतली शटरं सगळी खाली. चेक-इन झालं, आधार कार्ड दिलं, कंपनीचा जीएसटी नंबर लिहून दिला, आणि किल्लीऐवजी मिळालेलं ते प्लास्टिकचं कार्ड हातात घेऊन मी जिन्याकडे वळता वळता सहज विचारलं. तर काउंटरमागचा तो तरुण मॅनेजर एकदम उभाच राहिला. "वास येतोय का मॅडम? कुठं, जिन्यात का? सॉरी हं, लगेच स्प्रे मारायला सांगतो. आणि रूममध्ये येत असंल तर रूम बदलून देतो की, तुम्ही काय काळजी करू नका." मी म्हटलं, अहो येत नाहीये, म्हणून विचारलं. त्याला ते काही कळलं नाही, किंवा कळलं तरी पटलं नाही, कारण पाच मिनिटांत एक पोरगा लेमनग्रासचा स्प्रे घेऊन माझ्या दाराशी हजर. खोलीच्या चारी कोपऱ्यांत फवारून, "आता नाही येणार मॅडम" म्हणून हसून गेला.

मग मला झोप लागेना.

त्या पोराची काहीच चूक नव्हती आणि मॅनेजरचीही. पण हे हॉटेल म्हणजे गणपती पेठेतली एक जुनी पेढी, आणि पेढीत हळदीचा वास ही तक्रार कधीपासून झाली, हे डोक्यातून जाईना. मी सांगलीची. शाळेत असताना आमचं खणभागातलं भाड्याचं घर ते पेठ हे अंतर मी डोळे मिटून चालले असते, कारण नाकाला रस्ता कळायचा. आधी मारुती चौकाकडचा भजी-चहाचा वास, मग कापड पेठेत नव्या कापडाचा खळीचा वास, आणि एका वळणानंतर हळद. नुसती हळद नाही, हळद आणि बारदान आणि गूळ आणि मिरचीचा घसा खवखवणारा खाट असा सगळा मिळून एक वास, पण हळद सगळ्यात खाली बसलेली, जमिनीलगत. आज्जा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा तो आधी आत यायचा आणि आज्जा मागून. धोतर कितीही धुतलं तरी आज्जीला ते पांढरंशुभ्र करता आलं नाही, आणि तिनं त्याबद्दल कुरकुर केलेलीही मला आठवत नाही.

आता योगायोग म्हणा नाहीतर काय म्हणा, माझी नोकरी हळद विकत घ्यायची आहे. पुण्यातल्या एका मसाल्याच्या कंपनीत मी परचेसला आहे. सीझनला सांगलीत यायचं, मार्केट यार्डात सौदे बघायचे, अडत्यांशी बोलायचं, सॅम्पल घ्यायची, लॅबला पाठवायची. कुरकुमिन किती टक्के, ओलावा किती, पिवळेपणा वाढवायला कुणी लेड क्रोमेट तर लावलेलं नाही ना, हे सगळं कागदावर येतं. या कामात राहून एक गोष्ट मला नीट कळली ती म्हणजे हळदीचा रंग वेगळा आणि वास वेगळा. रंग कुरकुमिनचा, तो उन्हात टिकत नाही, साडीवर हळद सांडली तर धुऊन उन्हात टाकायची, डाग आपोआप फिका होतो हे आपल्या सगळ्यांच्या आयांना माहीतच होतं. वास मात्र तिच्यातल्या तेलाचा. आज्जा म्हणायचा की लाकडात आणि मातीत मुरलेला वास मरत नाही, आषाढात हवा सर्द झाली की परत बाहेर येतो.

हॉटेलबद्दल आधी चांगलं लिहिते, कारण ते खरंच चांगलं आहे आणि मला ते मनापासून आवडलं. एका हळद-गुळाच्या व्यापाऱ्याची जुनी पेढी-कम-वाडा. घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या विटा, सागवानी खांब, मधे चौक. त्या चौकावर आता काचेचं छप्पर घातलंय, त्यामुळे पाऊस आत येत नाही पण उजेड येतो. सकाळी नाश्त्याला बसलं की खांबांच्या सावल्या टेबलांवरून हळूहळू सरकत जातात आणि पोहे खाता खाता माणूस विनाकारण वर बघत बसतो. खाली एकही खोली नाही, सगळ्या खोल्या माडीवर आणि मागच्या बाजूला नव्यानं काढलेल्या दोन मजल्यांवर. माझ्या खोलीत तुळया तशाच ठेवलेल्या, त्यांना तेलपाणी केलेलं, खिडकीचे गजही जुनेच. आणि तरी खिडकीशी कामाला नीट टेबल, पाठ दुखणार नाही अशी खुर्ची, पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग पॉइंट, रात्री अकराला पुण्याच्या ऑफिसशी व्हिडिओ कॉल झाला तो एकदाही अडकला नाही. सकाळी साडेसहाला चहा मागितला तर कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत.

हे शेवटचं बारीक वाटेल, पण एकट्यानं कामासाठी फिरणाऱ्या बाईला विचारा. या शहरात मी स्टँडजवळच्या लॉजवर राहिलेय, जिथे रजिस्टरमध्ये "सोबत कोण" या रकान्यात रेघ मारली की समोरचा माणूस मान वर करून परत एकदा बघतो. कडी न लागणारी दारं, मध्यरात्री पॅसेजमधली गडबड, उशाशी खुर्ची लावून झोपणं. माझे साहेब लोक तर सांगलीला काम असलं तरी मुक्कामाला कोल्हापूर गाठायचे, सकाळी गाडीनं परत यायचे. त्यामुळे माझ्या गावाच्या ऐन पेठेत, माझ्या लहानपणाच्या रस्त्यावर, कुलूप नीट लागणारी खोली आणि आदबीनं बोलणारी माणसं मिळाली याचा मला आनंदच झाला. तो आनंद आणि ती लेमनग्रासची झोप उडवणारी रात्र, दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

आज्ज्याची पेढी ही नव्हे. ती इथून दोन बोळ पलीकडे होती. पण घडण हीच. पुढे ओटा, मग सोपा, सोप्यात गादी-तक्के, गादीच्या एका कडेला उतरतं डेस्क आणि त्याच्यामागं मांडी घालून आज्जा. तो दिवाणजी होता. रोजकीर्द, खतावणी, हुंडेकऱ्याच्या पावत्या, शेतकऱ्याची पट्टी, सगळं त्याच्या हातचं. पट्टीत हमाली, तोलाई, अडत वजा करून खाली निव्वळ रक्कम लिहायची, आणि समोर उकिडवा बसलेला शेतकरी त्या आकड्याकडे बघत असताना ती मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण अर्ध्याजणांना वाचता यायचं नाही. हे काम मन लावून करावं लागतं असं तो म्हणायचा. आकडा ऐकताना माणसाचा चेहरा बघवत नाही कधी कधी, पण बघायचा, मान खाली घालून वाचायचं नाही. भाव कसा ठरायचा तेही त्यानं मला दाखवलं होतं, माझा हात उपरण्याखाली घेऊन बोटं दाबून. दोन बोटं म्हणजे काय, अख्खा पंजा म्हणजे काय. आता ते सगळं बंद झालं, सौदे उघड होतात, भाव फोनवर येतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते फार बरं झालं.

पेढीतल्या माणसांचे तीन थर होते. मालक आणि त्यांचं कुटुंब माडीवर. दिवाणजी, तोलाईदार आणि गिऱ्हाईक सोप्यात. आणि हमाल मागच्या दारानं. मागच्या बोळात गाडी लागायची, तिथून पाठीवर पोतं घेऊन हमाल आत यायचे, दाराशी एक उंच दगडी पायरी होती, ती चढताना तोल सांभाळायला प्रत्येकजण डावा हात भिंतीवर टेकवायचा. आई लहानपणी आज्ज्याचा डबा घेऊन पेढीवर जायची आणि मागच्या दारानंच जायची, तिनं सांगितलेली ही गोष्ट. दरवर्षी दिवाळीआधी पेढीला चुन्याची सफेदी व्हायची. आणि दोन-चार दिवसांत त्या पायरीजवळच्या पांढऱ्या भिंतीवर लाल पंजे उमटायचे. पिवळे नव्हेत, लाल. हमालांच्या हाताला हळद, भिंतीला ताजा चुना, आणि हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे कुणाला सांगायला नको. खांद्याच्या उंचीवर, एकाशेजारी एक, एकावर एक, उंच माणसाचा वर, बुटक्याचा खाली. आईला वाटायचं की ही पेढीवर लक्ष्मी येऊन गेल्याची खूण आहे आणि ती कितीतरी दिवस त्या पंजांना नमस्कार करून आत जायची. मग चुना जुना होत जायचा तसे नवे हात नुसते पिवळे पडायचे, मग मळकट, आणि पुढच्या दिवाळीला परत पांढरं.

मी लॅबमध्ये हळदीच्या द्रावणात अल्कली टाकून ते लालभडक होताना पाहिलं तेव्हा आईला फोन केला होता. ती म्हणाली, "तुमच्या लॅबला आत्ता कळलं होय."

माडीवर मात्र आई कधी गेली नाही. जिन्याच्या तोंडाशी ती उभी राहायची तेवढंच. तिला कुणी हाकललं असं नाही, मालकीणबाई खाली येऊन तिच्या हातावर लाडू ठेवायच्या, तिच्या शाळेची पुस्तकं एका वर्षी मालकांनी घेऊन दिली होती, आणि आज्जा मरेपर्यंत त्या घराबद्दल वाकडा शब्द बोलला नाही. पण जिना चढायचा नाही हे तिला आज्ज्यानंच सांगितलेलं. तो स्वतः उभ्या जन्मात किती वेळा चढला असेल कोण जाणे, लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्यांची पूजा खालीच व्हायची, त्यामुळे तेव्हाही नाही. वरून रेडिओ ऐकू यायचा म्हणे. पाडव्याला पुरणाचा वास खाली यायचा. खालचा हळदीचा वास वर जात असणारच, पण वरच्यांना तो कसा वाटायचा हे आम्हाला कसं कळणार?

त्या रात्री मी माडीवर झोपले होते. तसल्याच एका माडीवर. कंपनीच्या खर्चानं.

दुसऱ्या दिवशी काम दुपारनंतर होतं म्हणून सकाळी हरिपूरला जाऊन आले. चिंचेच्या झाडांचा तो रस्ता, संगमेश्वराचं देऊळ, वारणा येऊन कृष्णेला मिळते तिथला घाट. हरिपूरची पेवं आता बाहेरच्यांना सांगावी लागतात, सांगलीकरांना नको. जमिनीत खोल खणलेली तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद कोठारं, त्यांत हळद वर्षानुवर्षं ठेवायची, ना कीड, ना रंग उडणं. तिथली मातीच तशी, पाणी न झिरपणारी. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा माणूस मारते, आधी तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस सोडायचा. आज्ज्याबरोबर एकदा पेव फोडताना बघायला गेले होते मी. तोंडावरची माती बाजूला केली आणि आतून जो वास आला, तो मी त्यानंतर कुठल्याही गोडाऊनमध्ये, कुठल्याही फॅक्टरीत घेतलेला नाही. गरम, गोडसर, ओल्या मातीत मिसळलेला. उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर होता आणि तो आत जाताना आज्ज्यानं माझा हात घट्ट धरला होता, जणू मीच उतरत होते. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, आणि त्यानंतर बहुतेक पेवं परत भरली गेलीच नाहीत. आता माल कोल्ड स्टोरेजला जातो. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि त्याच दिवशी पेवांची आठवण येऊन वाईटही वाटलं होतं.

पुराचं निघालंच आहे तर. सांगलीत जुनी इमारत का टिकत नाही याचं उत्तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर लिहिलेलं असतं, पाणी किती चढलं ते, फुटांमध्ये. 40 ला इशारा, 45 ला धोका. आम्ही पावसाळ्यात एकमेकांना "किती झालं" एवढंच विचारतो, आणि समोरचा आकडा सांगतो. 2005 ला 53 च्या पुढं गेलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली असा पूर परत होणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्या वर गेलं. 2021 ला परत पाणी पेठेत. पहिल्या पुरानंतर माणूस पेढी धुतो, लाकूड वाळवतो, परत बसतो. दुसऱ्यानंतर कर्ज काढतो. तिसऱ्यानंतर बिल्डरला फोन करतो, आणि त्याला नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. आज्ज्याच्या पेढीचं तेच झालं, 2019 चं पाणी उतरल्यावर भिंती फुगल्या, मागची एक पडली, मालकांच्या नातवंडांपैकी कुणीच सांगलीत नव्हतं. आता तिथे चार मजली कॉम्प्लेक्स आहे, खाली मोबाईलची दुकानं. मी त्याच्यासमोर उभी राहून पायरी कुठे असेल याचा अंदाज करायचा प्रयत्न केला आणि मला तो करता आला नाही. बोळसुद्धा राहिलेला नाही.

म्हणून हे हॉटेल झालं हे मला चांगलंच वाटतं. पेढी म्हणून ही इमारत आता चालली नसती, बाजार मार्केट यार्डात जाऊन जमाना झाला. राहायला कुणाला परवडणार? एवढ्या सागवानाला, एवढ्या कौलांना, एवढ्या दगडाला दर महिन्याला पैसा लागतो, आणि तो पैसा माझ्यासारखी बिलं लावणारी माणसंच देऊ शकतात.

दुपारी तिथल्याच मीटिंग रूममध्ये आमची बैठक होती. पूर्वी तिथे बळद, म्हणजे माल साठवायची बंदिस्त खोली, होतं असं दारावरच्या पाटीवर लिहिलंय, भिंती हातभर रुंद, त्यामुळे आत बाहेरचा आवाज येत नाही, स्क्रीन मोठी, एसी गार. दोन प्रोसेसर, एक एक्स्पोर्टर, एक तरुण अडत्या आणि मी. राजापुरी हळद यंदा कशी आहे, सेलम जातीचा माल किती येतोय, हिंगोली-नांदेडकडचा माल सांगलीला किती आणि तिकडेच किती विकला जाणार, निजामाबादला हळद बोर्डाचं ऑफिस झालं त्याबद्दलची नेहमीची सांगलीकरांची हळहळ. मग सॅम्पल निघाली. प्लास्टिकच्या पिशव्यांतून हळकुंडं टेबलावर ओतली, एकानं एक हळकुंड कटदिशी मोडलं, आतला नारिंगी रंग दाखवला, दुसऱ्यानं गड्डा नखानं खरवडला. आणि पाचेक मिनिटांत त्या गार खोलीत तो वास उभा राहिला. मी बोलता बोलता थांबले. अडत्यानं विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं काही नाही, चालू द्या. पण मला त्या भिंतींकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेनाही. किती वर्षांनी त्यांना हळद भेटली असेल! चहा घेऊन आलेला पोरगा, तोच स्प्रेवाला, आत आला आणि दारातच नाक वर करून म्हणाला, "आयला, घरच्यागत वास आला." मग जीभ चावून कप ठेवायला लागला. तो बुधगावचा निघाला, त्याच्या चुलत्याची हळद असते.

लॉबीत जुन्या गोष्टी मांडलेल्या आहेत, त्या मी त्या संध्याकाळी नीट बघितल्या. कृष्णेकाठच्या गणपती मंदिराचा जुना फोटो, आयर्विन पूल, पागोटं घातलेले मालक, त्यांचे चिरंजीव, नऊवारीतल्या बायका खुर्चीवर ताठ बसलेल्या. काचेत एक पितळी तराजू, घासून सोन्यासारखा केलेला. एक चोपडी उघडी ठेवलेली, मोडीतली, अक्षर असं सुंदर की मी वाकून किती वेळ बघत राहिले. कुणा दिवाणजीचं असणार ते. खाली लिहिलंय, अमुक शेठ यांच्या पेढीची वही. लिहिणाऱ्याचं नाव नाही. पोतं उचलायचा हमालाचा आकडा नाही, पाठीवर घ्यायचं बारदान नाही. आणि पुराची खूण नाही, जी या पेठेतल्या कितीतरी दुकानांच्या भिंतींवर साध्या ऑइल पेंटनं मारलेली आहे, एक रेघ आणि वर साल. एवढ्या पाण्यात ही इमारत उभी राहिली हा केवढा पराक्रम, आणि तोच पुसून टाकलाय. मला याचा राग आला असं नाही म्हणणार. पण दुःख झालं, आणि ते दुःख मी तिथल्या मऊ सोफ्यावर बसून, छान कॉफी पीत करत होते हेही तितकंच खरं.

रात्री मॅनेजर मोकळा होता, मग मी त्याला सगळं सांगितलं. आज्जा, पायरी, लाल पंजे. तो तासगावकडचा, घरी द्राक्षबाग, बेदाणा करतात, त्यामुळे वास ही काय चीज असते हे त्याला समजावायला लागलं नाही. त्यानं मग त्याची बाजू सांगितली. पुराच्या पाण्यानं खालच्या भिंतींना लोणा लागला होता, पांढरी बुरशी धरल्यासारखी मिठाची पुटं, हात लावला की गिलावा हातात. आधी कुणीतरी सिमेंटनं लिंपलेलं, त्यानं ओल आतच कोंडली आणि अजून वाट लागली. मग ते सगळं खरवडून, भिंती महिनोन् महिने उघड्या वाळवून, परत चुन्याचा गिलावा केला, कारण चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. म्हणजे वास घालवायला म्हणून नाही, भिंत वाचवायला म्हणून तो थर काढावा लागला, आणि वास त्या थरात होता. इलेक्ट्रिकचं पॅनल वर नेलं, जनरेटर उंच ओट्यावर ठेवला, खाली खोल्या न काढण्याचं कारणही तेच. "आणि मॅडम, माडीच्या लाकडात अजून आहे वास. पावसाळ्यात येतोच. एका गेस्टनं रिव्ह्यू टाकला, किराणा दुकानात झोपल्यागत वाटलं म्हणून. त्याचा फटका बसतो हो आम्हाला, वरून विचारणा होते." मी त्याला म्हटलं की बाहेरून आलेल्या माणसाला चेक-इनच्या वेळीच सांगा ना, हा वास हळदीचा आहे, ही पेढी होती. कळलं की माणूस नाक मुरडत नाही. आणि पुराची रेघ मारा, जिन्यापाशी, तिन्ही सालांची. तो म्हणाला रेघ मारायला मालक नाही म्हणतील, गेस्ट घाबरतील. मी म्हटलं खाली खोली नाही, पॅनल वर आहे, हे त्या रेघेशेजारीच लिहा, घाबरणारा उलट निर्धास्त होईल. हा मुद्दा त्याला पटलेला दिसला, त्यानं मोबाईलमध्ये टिपून घेतला. मी त्याला फीडबॅक फॉर्मवर पण सविस्तर लिहून दिलं, जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला.

आणि मागचं दार? मी विचारलं. आहे की, म्हणाला. आता ते स्टाफचं येण्याजाण्याचं. चला दाखवतो.

भांडी धुवायच्या जागेवरून, गॅस सिलेंडरांच्या जाळीपासून पुढे, बोळाकडे उघडणारं बुटकं दार. बाहेर पायरी, मधोमध झिजून खोलगट झालेली, इतकी की आत बोटभर पाणी साचलेलं. डाव्या बाजूची भिंत ऑफव्हाईट रंगवलेली, त्यावर ड्युटी चार्ट, फायर एक्स्टिंग्विशर. तेवढ्यात भाजीवाला आला, खांद्यावर कोबीचं पोतं, पायरी चढताना त्यानं डावा हात भिंतीला टेकवला आणि आत गेला. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी त्या पायरीचा फोटो काढून आईला पाठवला.

फोन लगेच आला. तिला पायरीपेक्षा भलत्याच गोष्टीत रस. "तू कुठं झोपलीयस? माडीवर?" हो म्हटलं. "जिना कसला आहे? लाकडी? कठडा आहे का त्याला? आणि वरून चौक दिसतो?" दिसतो म्हटलं, वर काच घातलीय, पण दिसतो. "खालचं बोललेलं वर ऐकू येतं का?" मी खोलीबाहेर येऊन कठड्याशी उभी राहिले. खाली दोघंजण लॅपटॉपवर काहीतरी बोलत होते. म्हटलं, हो, ऐकू येतं, शब्द न् शब्द. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आप्पा पट्टी वाचायचे ते वर ऐकू जात असणार." हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. रोजचं ते मोठ्यानं वाचणं, हमाली इतकी, तोलाई इतकी, निव्वळ इतके, वर कुणीतरी स्वैपाक करताना ऐकत असणार.

मग तिनं भाडं विचारलं. मी सांगितलं. "अगं बाई, एका रात्रीचे?" आणि लगेच, "नाश्ता आहे ना त्यात?" आहे म्हटलं. तर म्हणे, "मग मला आण. मिरजेच्या मावशीला पण घेऊ, तिलाही कधी जाऊ दिलं नव्हतं वर. कंपनीच्या पैशानं नको हां, माझ्या पेन्शनमधून देते मी. आणि आत्ता नको, जूनमध्ये बघ, पाऊस लागला की." मी तिला म्हटलं, जूनमध्ये तुझे गुडघे दुखतात, जिना उंच आहे. ती म्हणाली, "असू दे उंच, तू बुकिंग कर. चौकाकडची खोली माग."